हिराबाईंचं बसणं

हिराबाई बडोदेकरांची मैफलीतली जुनी छायाचित्रं मी पुन्हापुन्हा काढून पाहते. मागे तंबोरे, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर, पाठ ताठ आणि हात मांडीवर. चेहऱ्यावर श्रमाची एक रेघ नाही. गाणाऱ्या माणसाला इतकं स्वस्थ बसता येतं, याचं लहानपणी मला फक्त नवल वाटे. त्या बसण्यामागे केवढी हिंमत होती, हे फार उशिरा उमगलं.

माझ्या आजीचा गळा गोड होता. पण तो मंगळागौरीपुरता आणि देवघरापुरता. सदाशिव पेठेतल्या त्या घरात गाण्याचं प्रेम नव्हतं असं नाही. बालगंधर्वांच्या नाटकांना सगळं घर जायचं. मात्र घरच्या बाईनं चारचौघांत बसून गायचं म्हटलं की सगळे गप्प होत. चारचौघांत गाणाऱ्या बायका म्हणजे कलावंतिणी, आणि त्यांचं गाणं ऐकणारा समाज त्यांना घरात घ्यायला तयार नव्हता. पुढे माझ्या आईला गाण्याच्या क्लासला घालायची वेळ आली, तेव्हा आजीनं एकच वाक्य म्हटलं, “हिराबाई गातात ना, मग हिनं का नाही?” वाद तिथेच संपला.

हिराबाई १९०५ साली मिरजेत जन्मल्या. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या ताराबाई माने. पुण्यात खाँसाहेबांनी १९१३ साली आर्य संगीत विद्यालय काढलं होतं. हिराबाई वयात येण्याच्या सुमाराला ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावंही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीची हिराबाई, सकीनाची सरस्वती. घर दुभंगलं, पण गाणं दुभंगलं नाही. वडिलांचा सूर या मुलांच्या गळ्यात तसाच राहिला. महाराष्ट्राला किराण्याचं जे वेड लागलं, त्याच्या मुळाशी एका मुसलमान बापाची आणि एका मराठी आईची ही मुलं आहेत, हे आपण विसरता कामा नये.

हिराबाईंना तालीम मिळाली ती मुख्यतः अब्दुल वहीद खाँ यांची. राग एकेक स्वरानं, सावकाश उघडत नेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. विष्णु दिगंबर पलुसकरांनी मुंबईत गांधर्व महाविद्यालयाच्या परिषदेत हिराबाईंना गायला बसवलं, तेव्हा त्या जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. पुढे त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. असं करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री गायिका मानल्या जातात. तिकिटानं एक मोठी गोष्ट साधली. कोण्या एका धनिकाची मर्जी सांभाळायला नको. ज्यानं पैसे दिले त्यानं खुर्चीवर बसावं, गाणं ऐकावं आणि घरी जावं.

१९२९ साली हिराबाई आणि त्यांच्या भावंडांनी नूतन संगीत नाटक मंडळी काढली. पुरुषांनी लुगडी नेसून स्त्रीभूमिका करण्याचा तो काळ, आणि इथे ‘सौभद्रा’तली सुभद्रा खुद्द हिराबाई. मंडळी फार वर्षं टिकली नाही, कर्ज मात्र मागे राहिलं. ते हिराबाईंनी गाऊन फेडलं.

त्यांचं गाणं ऐकताना मला सर्वांत आधी सूर भेटतो. तान येते, पण ती दिपवायला येत नाही. षड्ज लागला की वाटतं, आता कुठे जायची घाई नाही. तीन-सव्वातीन मिनिटांच्या जुन्या तबकडीतही त्या धावत नाहीत. ठेच लागू न देता लेकराला अंगणात फिरवावं, तसं त्या रागाला फिरवतात. काहींना हे गाणं फार सौम्य वाटतं. मला ते तसं वाटत नाही. आवाज न चढवता हजार माणसांना धरून ठेवायला जो दम लागतो, तो आरडाओरड्याच्या गाण्याला लागत नाही.

एक गोष्ट मात्र सलते. बाईला मंचावर मान मिळाला तो पदर सावरून, हातवारे टाळून, घरच्यासारखं बसल्यावर. पुरुष गवयानं हवेत हात फेकले तर ती मस्ती, बाईनं फेकले तर चर्चा. ही अट हिराबाईंनी घातलेली नव्हती, समाजानं घातली होती. त्यांनी ती पाळली आणि तिच्यातून दार उघडलं. ज्या कलावंतिणींनी त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या हे गाणं जपलं, त्यांच्यासाठी मात्र ते फारसं उघडलं नाही. ते ऋण अजून फिटलेलं नाही.

बहीण सरस्वतीबाई राणे यांच्याबरोबरच्या हिराबाईंच्या जुगलबंद्या गाजल्या. पुण्याच्याच प्रभा अत्रे सुरेशबाबू आणि हिराबाईंकडे शिकल्या, विज्ञान आणि कायद्याच्या पदव्या घेऊनही गाण्यातच राहिल्या. हिराबाईंना १९७० साली पद्मभूषण मिळालं. २० नोव्हेंबर १९८९ रोजी त्या पुण्यातच गेल्या.

आज पेठांतून संध्याकाळी तंबोरा घेऊन बसणाऱ्या मुलींना कोणी परवानगी मागायला लावत नाही. त्यांच्या गुरूंना माझी एवढीच विनंती आहे: वर्षातून एकदा तरी त्यांना हिराबाईंची तबकडी ऐकवा, आणि हे गाणं जाहीर मंचावर यायला काय काय लागलं, तेही सांगा.