पडद्यावरून कागदावर

मालिका संपली की तिच्यातली माणसे कुठे जातात? पिशाचांशी लढणाऱ्या मुलीची 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' ही अमेरिकन मालिका १९९७ ते २००३ या काळात सात पर्वे चालली आणि थांबली. २००७ साली तिचे आठवे पर्व निघाले ते चित्रकथेच्या रूपात, मूळ कर्ते जॉस व्हेडन यांच्याच देखरेखीखाली. २०११ पर्यंत त्याचे ४० अंक झाले.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला आधी दिसतो तो खर्च! पडद्यावर राक्षस उभा करायचा तर पैसा ओतावा लागतो. कागदावर शाई पुरते. म्हणून इथे बफीची धाकटी बहीण डॉन घराएवढी उंच झाली, मुक्कामाला स्कॉटलंडमधला किल्ला मिळाला. पण या मालिकेचे खरे भांडवल मैत्री आणि रोजच्या विवंचना हेच होते. नवव्या पर्वातली, सॅन फ्रान्सिस्कोत कॉफीच्या दुकानात राबणारी बफी मला म्हणूनच अधिक जवळची वाटते.

कागदाने नटांचा आवाज मात्र नेला. मराठी माध्यमातून आलेल्या मला त्याचे फारसे दुःख नाही. पडद्यावरचे भरधाव इंग्रजी निसटून जाई. फुग्यातले वाक्य मी शब्दकोश उघडेपर्यंत थांबते. आणि रिकाम्या झालेल्या त्या जागी माझ्या कानांतले आवाज येतात. बफी रागावते ती मराठीत, मैत्रिणींची थट्टा करते ती कन्नडात. संपलेल्या मालिकेत माझ्या खाती एवढे नवे जमा झाले.