‘ल’पाशी थांबलेला कर्सर

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर एकच शब्द होता: ओल. छपाईला चार दिवस उरलेले. मी पुण्यात, चित्रकार म्हापशाला, संपादक ठाण्यात आणि तिघंही फिग्मा या ऑनलाइन डिझाइन साधनाच्या एकाच फाइलमध्ये. चित्रकाराचा हिरवा कर्सर पावसाच्या रेघांवरून उतरत ‘ल’पाशी आला आणि थांबला तो हलेचना. मग फोन वाजला. “ताई, हा ल आपला नाही ना?”

खरंच नव्हता. हिंदी वळणाचा, दंडाचा ल उमटला होता. मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा, हे शासनाच्या 2009च्या निर्णयातही आहे. नीट बांधलेल्या फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात. मजकुराची भाषा मराठी आहे हे सांगावं लागतं, तेच माझ्याकडून राहिलं होतं. पण त्या थांबलेल्या कर्सरने मला वेगळंच सुचवलं. हा शब्द फाँटमधून घ्यायचाच कशाला? हाताने काढू.

आमच्या उमेदवारीत ब्रोमाइड कापून रबर सोल्यूशनने पान चिकटवायचं. संपादकांकडे जायचं ते पुरं झालेलं पान. परत यायच्या त्या लाल शाईच्या खुणा. त्या खुणेआधी ते कुठे घुटमळले, हे कधी कळायचं नाही. आता ते डोळ्यांसमोर घडतं. 2016 साली सगळ्यांसाठी खुल्या झालेल्या फिग्माने मला सर्वांत मोलाचं काही दिलं असेल, तर हे दुसऱ्याचं घुटमळणं.

सगळंच एकत्र करावं, असं मात्र मी म्हणणार नाही. संपादकांनी शब्द ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं, तर शिरोरेषाच तुटली. रोमन अक्षरं सुटी उभी राहतात; आपली एका रेषेला धरून असतात. अक्षराचं वळण तिघांनी मिळून ठरत नाही, ते एकाच मनगटातून यावं लागतं. म्हणून फाइलमध्ये नवं पान उघडलं आणि दोघांना सांगितलं, उद्या सकाळपर्यंत इकडे येऊ नका.

रात्री कागदावर बोरूने पंधरा-वीस ‘ओल’ लिहिले. एकाचा फोटो फाइलमध्ये टाकून त्यावर पेन टूलने बिंदू बसवले. शिरोरेषा मुद्दाम थोडी जाड ठेवली, भिंतीत मुरलेल्या पाण्यासारखी.

सकाळी हिरवा कर्सर आला. बराच वेळ शब्दाभोवती फिरला. मग त्याने उजव्या पाकळीचा एक बिंदू किंचित आत ओढला. मी तो तसाच ठेवला.