फटफटीचा प्रपंच

आमच्या लहानपणी मोटारसायकलला कोणी मोटारसायकल म्हणत नसे. ती ‘फटफटी’ होती आणि आमच्या पंचक्रोशीत ती बहुधा फादरांकडेच असे. उसाच्या फडापलीकडून तिचा आवाज आला, की आजी चुलीपुढून उठून पदर सावरी आणि आम्ही पोरे रस्त्याकडे धावत सुटत असू. एस्कॉर्ट्स कंपनीची १७५ सीसीची राजदूत होती ती. पोलंडमधील एका गाडीच्या बांधणीवरून घडवलेली, साधी, दणकट. मागे पेटी, पेटीत मिस्सासाठी लागणारे साहित्य आणि औषधांच्या बाटल्या. दिवसाकाठी पाच-सहा गावे होत. काळ्या मातीच्या चिखलात चाक रुतले, की फादर खाली उतरून झगा खोचत आणि आम्ही मागून ढकलत असू. लांब पल्ल्याची गाडी म्हणजे काय, याचा पहिला पाठ मी तिथेच घेतला. लांब पल्ल्याची गाडी म्हणजे वेगाने जाणारी नव्हे, पोहोचणारी आणि परत आणणारी.

दुचाकीशी आपल्या नगरचे नाते तसे जुने आहे. लूना १९७२ साली बाजारात आली. नगर-दौंड रस्त्यावरील कायनेटिक इंजिनिअरिंगच्या कारखान्याने या शहरातील कितीतरी घरांत चूल पेटती ठेवली. शिक्षक, तलाठी, दूधवाले, भाजीवाल्या, सारे त्या ५० सीसीच्या गाडीवर बसले. पुढे २०१८ मध्ये याच समूहाने ‘मोटोरॉयल’ या नावाखाली इटलीची एमव्ही ऑगस्टा, इंग्लंडची नॉर्टन, कोरियाची ह्योसंग अशा परदेशी गाड्यांचे सुटे भाग आणून ते नगरात जोडण्याचा उपक्रम आरंभिला. ज्या गावात सायकलला इंजिन लावल्यासारखी लूना तयार झाली, तिथेच घराच्या किमतीची मोटारसायकल उभी राहिली. भिंगारच्या पलीकडे लष्करी वाहनांची चाचणी घेणारी ‘व्हीआरडीई’ ही संशोधन संस्था आहे, तिचा वाहनचाचणीचा रस्ता आहे. असे असूनही आमच्या पिढीने गाडी निवडली ती मात्र शेजाऱ्याला विचारून!

मी निवृत्त शिक्षक. आयुष्यात तीन मोटारसायकली बाळगल्या आणि तिन्ही मनापासून सांभाळल्या. पहिली येझदी, १९८६ साली जुनी घेतलेली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची ही २५० सीसीची टू-स्ट्रोक गाडी. तिची एक गंमत नव्या मुलांना सांगितली, तर खरी वाटत नाही. किक मारायचा दांडा पुढे ढकलला, की तोच गियरचा दांडा होई! पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळावे लागे. जास्त पडले तर धूर आणि सायलेन्सरात काजळी. कमी पडले तर पिस्टन जाम. दर काही महिन्यांनी सायलेन्सरमधील नळी काढून काजळी जाळायची, पॉइंट्समधले अंतर पातळ पट्टीने तपासायचे, प्लग घासायचा. घाट चढताना ती हरणासारखी जाई. उतरताना मात्र टू-स्ट्रोक इंजिन मागे धरीत नसल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येई. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. २०२२ मध्ये येझदी हे नाव पुन्हा बाजारात आले आहे; पण ती गाडी फोर-स्ट्रोक. नाव तेच, धूर नाही.

दुसरी बुलेट, १९९७ ची, ओतीव लोखंडाच्या इंजिनाची. उजव्या पायात गियर आणि डाव्या पायात ब्रेक. अ‍ॅम्पिअरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेशनचा दांडा दाबून पिस्टन वर घ्यायचा आणि मग एकच संथ, पूर्ण किक. जो घाई करी त्याच्या पोटरीला ती प्रसाद देई. तिचे टॅपेट मी स्वतः लावीत असे. इंजिन थंड हवे, पिस्टन माथ्यावर हवा, आणि पुशरॉड दोन बोटांत धरून सहज फिरला पाहिजे. पण वरखाली हलता कामा नये. ते ‘सहज’ म्हणजे किती, हे पुस्तकात कळत नाही, बोटांना कळते. आमचे मिस्त्री म्हणत, बुलेटखाली ऑइलचा ठिपका दिसला नाही तर काळजी करावी, आतले ऑइल संपले असेल! विनोद सोडा, पण ताशी साठच्या वेगाने दिवसभर चालावी तर तिनेच. ऐंशीच्या पुढे मात्र हँडल, आरसे आणि सवाराचे दात एकदम थरथरू लागत.

तिसरी बजाजची डॉमिनार, २०१९ ची. ३७३ सीसी, पाण्याने थंड होणारे इंजिन, इंधन फवारणी, एबीएस. वजन सुमारे १८५ किलो. या जातीच्या गाड्यांना ‘स्पोर्ट टूरर’ म्हणतात. शर्यतीच्या गाडीवर माणूस पोटावर झोपल्यासारखा बसतो आणि शंभर किलोमीटरनंतर मनगटे बोलू लागतात. आरामगाडीवर पाय पुढे पसरतात आणि खड्ड्याचा प्रत्येक धक्का थेट कण्यात जातो. स्पोर्ट टूरर या दोहोंच्या मध्ये आहे. पाठ जराशी पुढे, वाऱ्याला आडवी काच, मोठी टाकी, मागे सामानाची सोय आणि वळणावर निर्भयपणे झुकण्याची ताकद. आपल्याकडे मध्यमवर्गाला ही चव पहिल्यांदा २००३ मध्ये हिरो होंडाच्या करिझ्माने लावली. २२३ सीसी आणि १५ लिटरची टाकी!

तुलना करायची तर कागदावरचे आकडे पुरेसे नाहीत. आमच्या घरचा निकष वेगळा आहे, तो म्हणजे मागची सीट. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आम्ही दोघे दरवर्षी दुचाकीवर जातो. येझदीवर सौभाग्यवती निमूट बसल्या, बुलेटवर त्यांना डुलकी लागे. एकदा एका स्नेह्याची शर्यतीच्या घाटाची गाडी घेऊन मी त्यांना राहुरीपर्यंत नेले. उतरल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, ही गाडी एकट्याची आहे. मागच्याला यांनी माणूस धरलेलंच नाही.” कोणत्याही मासिकातील परीक्षणापेक्षा हा अभिप्राय मला मोलाचा वाटतो. ज्या वाहनावर दुसऱ्याला सुखाने बसता येत नाही, ते प्रपंचाचे वाहन नव्हे.

निगा राखण्याचे नियम फारसे बदललेले नाहीत. कारण आपले रस्ते आणि आपली धूळ बदललेली नाही. उन्हाळ्यात एअर फिल्टर पुस्तकात लिहिल्यापेक्षा लवकर चोंदतो. रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी कधीही घालू नये. क्षार आत बसतात आणि नेमके माळशेजच्या चढावर इंजिन तापते. तयार कूलंटच घालावे. चेन पाचशे किलोमीटरला पुसावी, तिला तेल द्यावे, तिचा झोल पट्टीने मोजावा. चेन साफ करताना चाक हाताने फिरवावे, इंजिन चालू ठेवून कदापि नाही. त्या घाईत बोटे गमावलेली माणसे मी पाहिली आहेत. टायरमधील हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी. सामान बांधले असेल तर मागच्या चाकात ती कंपनीने सांगितल्याप्रमाणे वाढवावी. ही सारी कामे अर्ध्या तासाची. पण ज्याला अर्धा तास नाही, त्याने लांबचा रस्ता धरू नये.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. माझे थोरले बंधू २००१ च्या जानेवारीत रात्री मोटारसायकलवरून घरी येत असताना गेले. गळिताचा हंगाम होता. रस्त्याकडेला उसाची भरलेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, दगडसुद्धा ठेवलेला नाही. दादांचा वेग बेताचा होता, असे पंचनाम्यातच लिहिले आहे. पुतण्या तेव्हा तीन वर्षांचा होता. वहिनींनी शिवणकामावर त्याला वाढवले. आज तो चाकणला नोकरीस आहे. मागील वर्षी त्याने मोठ्या मोटारसायकलीचा हट्ट धरला. वहीत रकाने आखून तुलना केली. पहिल्या रकान्यात कावासाकीची निन्जा १००० एसएक्स. १०४३ सीसी, चार सिलिंडर, १९ लिटरची टाकी, २३८ किलो वजन. शेवटच्या रकान्यात कर्जाचा हप्ता.

वहिनी रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मला म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हाला त्यातलं कळतं. तुम्ही हो म्हणालात तर मी हो म्हणेन.”

हा भार फार मोठा होता. ‘नाही’ म्हणणे सोपे होते. पण ‘नाही’ म्हटलेला मुलगा गुपचूप मित्राची गाडी पळवतो, हे चाळीस वर्षे वर्गात उभे राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. मी त्याला जवळ बसवून चार अटी घातल्या. पहिली, आडवी पडलेली गाडी एकट्याला उचलता आली पाहिजे. दुसरी, एबीएस आणि रुंद झोताचा दिवा हवा. २०१९ पासून १२५ सीसीवरील गाड्यांना एबीएस सक्तीचेच आहे. पण दिवा पारखून घ्यावा लागतो. तिसरी, पहिले वर्षभर चेन आणि हवा माझ्यासमोर तपासायची. चौथी, ऑक्टोबर ते एप्रिल सूर्य मावळल्यावर नगर जिल्ह्यात गाडी चालवायची नाही. तो म्हणाला, “काका, मग एवढी गाडी घेऊन उपयोग काय?” मी म्हणालो, “समृद्धी महामार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. तुझ्या वाट्याला कोपरगावचा जुना रस्ता आणि त्यावरच्या ट्रॉल्याच येणार. गाडी जगातल्या रस्त्यांसाठी बनली असेल. तू मात्र याच रस्त्याने आईकडे येणार आहेस.”

तो पहिल्याच अटीवर खाली आला. दुकानातील मोठी गाडी स्टँडवरून सरळ उभी करतानाच त्याला कळून चुकले. अखेर त्याने रॉयल एनफिल्डची ६५० सीसीची जुळी सिलिंडरवाली इंटरसेप्टर घेतली. मी चालवून पाहिली. माझ्या बुलेटचे हँडल जिथे थरथरू लागे, तिथे हिच्यावर गुणगुणत जाता येते. ही स्तुती मी सहजासहजी करीत नाही. आम्ही दोघे भल्या पहाटे निघून अकोल्यामार्गे भंडारदऱ्याला गेलो. रंध्याच्या धबधब्यापाशी चहा घेतला आणि दिवस मावळण्याआधी घरी परतलो. वहिनी दारातच उभ्या होत्या. “जेवायला वाढते,” एवढेच म्हणाल्या.

मात्र आपण सावध राहिलो, एवढ्याने ट्रॉलीला दिवा लागत नाही. हे पुतण्याच्याच डोक्यात आले. या दसऱ्याच्या सुमारास, कारखान्यांच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन होण्याआधी, त्याने धर्मग्रामातील सात-आठ तरुणांना गोळा केले. वर्गणी काढून चमकत्या पट्टीची रिळे आणली. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, ऊसतोडणी मजुरांच्या बैलांच्या टायरगाड्या, जे थांबेल त्याच्या मागे पट्टी चिकटवण्यास सुरुवात केली. काही चालकांनी खेकसून हाकलले. बहुतेकांनी मुकाट्याने गाडी थांबवली. एका मुकादमाने आणखी दोन रिळे मागून नेली. पट्ट्या सारख्या लांबीच्या कापायचे काम वहिनींनी आपल्याकडे घेतले आहे. शिवणाची मोठी कात्री त्यासाठी फार सोयीची पडते, असे त्या म्हणतात. परवा मी मोजल्या. एका दुपारीत त्यांनी एकशेचाळीस पट्ट्या कापल्या होत्या.