जमा मीच, नावे मीच

मराठी शाळेत शिकलेल्या मुलांना ‘चालवणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ ठाऊक असतात. एक सायकल चालवणे आणि दुसरा शब्द चालवणे. संस्कृतच्या तासाला ‘देवः देवौ देवाः’ असा घसा खरवडून शब्द चालवताना हे वाहन पुढे कधी उपयोगी पडेल, असे आमच्यापैकी कोणालाच वाटले नव्हते. गेले वर्षभर मात्र मी पुन्हा तेच करते आहे. भाषा तेवढी बदलली. मी स्पॅनिश क्रियापदे चालवते आहे.

“कॉमर्सवाल्या मुलीला स्पॅनिश कशाला गं?” हा प्रश्न मैत्रिणींनी, काकांनी आणि शेजारच्या मावशींनी विचारून झाला आहे. त्याचे एक उत्तर पगाराच्या भाषेत देता येते. स्पेन आणि मध्य व दक्षिण अमेरिका मिळून सुमारे वीस देशांची ती राजभाषा आहे. हिशेबाचे काम जाणणाऱ्याला अशी एखादी जास्तीची भाषा आली तर पुण्या-बंगळुरात त्याचे मोल होते, असे ऐकले आणि सुरुवात केली. मोबाईलवरचे धडे आणि एक जुने पुस्तक एवढीच शिदोरी. पण मी टिकून राहिले ती पगारासाठी नव्हे. क्रियापदांच्या एका जातीने मला धरून ठेवले. त्यांना आपण आत्मवाचक क्रियापदे म्हणू.

आधी साधे क्रियापद पाहू. स्पॅनिशमधले मूळ क्रियापद ‘आर’, ‘एर’ किंवा ‘ईर’ने संपते. हा शेवट काढून टाकायचा आणि कर्त्याप्रमाणे प्रत्यय लावायचा. ‘लावार’ म्हणजे धुणे. मी धुते ‘लावो’, तू धुतोस ‘लावास’, तो किंवा ती धुते ‘लावा’, आम्ही धुतो ‘लावामोस’, तुम्ही धुता ‘लावाइस’, ते धुतात ‘लावान’. ‘लावो ला रोपा’ म्हणजे मी कपडे धुते. प्रत्ययावरूनच कर्ता कळतो, म्हणून ‘मी’ वेगळे म्हणावे लागत नाही. इथवर सारे सरळ आहे.

आता कपड्यांऐवजी स्वतःलाच धुवायचे असेल तर? मग ‘लावार’चे ‘लावार्से’ होते. शेवटचा ‘से’ म्हणजे ‘स्वतःला’. क्रियापद चालवताना तो पुढे येऊन बसतो आणि कर्त्याबरोबर बदलतो : मे लावो, ते लावास, से लावा, नोस लावामोस, ओस लावाइस, से लावान. मी मला धुते, तू तुला धुतोस, अशी ही जोडगोळी. ‘लपणे’ या अर्थाचे ‘एस्कोन्देर्से’ घ्या (मे एस्कोन्दो, ते एस्कोन्देस) किंवा ‘कंटाळणे’ या अर्थाचे ‘आबुर्रीर्से’ घ्या (मे आबुर्रो, ते आबुर्रेस), रीत तीच. आज्ञा करायची तर सर्वनाम शेपटीला चिकटते : ‘लावाते’, म्हणजे अंग धू. ‘नको’ म्हणायचे तर पुन्हा पुढे येते : ‘नो ते लावेस’. पुढचे सर्वनाम आणि मागचा प्रत्यय एकाच माणसाचे हवेत, एवढे सांभाळायचे. ‘मे लावो’ऐवजी ‘ते लावो’ म्हटले तर ‘मी तुला धुते’ असे होईल, आणि मराठीत त्याचा काय अर्थ होतो ते वाचकांना सांगायला नको!

माझ्या कॉमर्सच्या डोक्याला यात लगेच उचल खाते दिसले. दुकानाचा मालक गल्ल्यातून घरखर्चासाठी हजार रुपये काढतो. पैसे त्याचेच आणि घेणाराही तोच. तरी रोजकीर्दीत नोंद होते : उचल खाते नावे, रोख खाते जमा. मालक वेगळा आणि धंदा वेगळा, असे मानल्याशिवाय हिशेबच मांडता येत नाही. ‘मे लावो’मध्येही तसेच आहे. धुणारी मी आणि धुतली जाणारी मी, एकीचीच दोन खाती. जमा मीच, नावे मीच.

हे सारे परके वाटेल, पण घरात कान दिला तर तसे नाही. आमच्याकडे बाबांची भाषा मराठी आणि आईची कन्नड. आईला मी अव्वा म्हणते. बाहेरून आले की आजी म्हणते, “हात धुऊन घे की पोरी.” अव्वा म्हणते, “कै तोळको.” दोघींनी नुसते ‘धू’ म्हटले असते तरी भागले असते. पण मराठीतला ‘घे’ आणि कन्नडमधला ‘को’ (त्याचे मूळ ‘कोळ्ळु’, म्हणजेही घेणे) क्रियापदाच्या मागे लागून बजावतात, की हे काम तुझे तुझ्यासाठी आहे. ‘करून घे’ तसे ‘माडिको’, ‘केस विंचरून घे’ तसे ‘तले बाचिको’. स्पॅनिश माणूसही ‘माझे हात धुतो’ म्हणत नाही. ‘मे लावो लास मानोस’ म्हणतो, शब्दशः ‘मला हात धुतो’. हात कोणाचे ते ‘मे’ने सांगितलेच आहे.

आपल्या संस्कृतच्या सरांना तर यात नवे काहीच वाटणार नाही. परस्मैपद म्हणजे दुसऱ्यासाठीचे पद आणि आत्मनेपद म्हणजे स्वतःसाठीचे पद. पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजति’, आणि ज्याच्या पदरात फळ पडायचे तो करतो तेव्हा ‘यजते’. या ‘यजते’पासूनच ‘यजमान’ शब्द आला. मराठीत आणि कन्नडमध्ये तो घरधन्याला लावतात, कन्नडमध्ये दुकानाच्या मालकालाही. म्हणजे उचल खात्याचा धनी आणि आत्मनेपदाचा धनी अखेर एकच निघाला.

आणखी एक सुख सांगते. मराठीत ‘धुतो’ की ‘धुते’ हे ठरवावे लागते. ‘मे लावो’ मुलगा म्हणतो तेच मुलगीही म्हणते. कन्नडमध्येही ‘नानु’ म्हणताना हा भेद नाही. बेळगावात आम्ही मुलीसुद्धा ‘मी येतो’ म्हणतो आणि पुण्याचे पाहुणे हसतात. लेखात मी ‘येते’ लिहिते आणि घरी ‘येतो’ म्हणते. दोन्ही माझेच आहे.

पण ज्या क्रियापदाने मला खरोखर विचारात पाडले ते पहिल्याच धड्यात असते. ‘यामार’ म्हणजे हाक मारणे, आणि त्याचे आत्मवाचक रूप ‘यामार्से’. स्पॅनिश माणूस आपले नाव सांगताना ‘मे यामो अमुक’ म्हणतो, म्हणजे ‘मी मला अमुक म्हणते’. याच्या शेजारी ‘मे यामान’ असे दुसरे रूप आहे. सर्वनाम तेच, पण प्रत्यय ‘ते’ या कर्त्याचा. अर्थ झाला, ‘ते मला म्हणतात’. फरक नुसत्या शेवटाचा आहे, पण हाक मारणारे तोंड बदलले.

गावाला तर निवडही नसते. मराठीत बेळगाव, कन्नडमध्ये बेळगावी, इंग्रजीत बेलगाम, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजीतही बेळगावी. स्पॅनिश मात्र गावालाही ‘से यामा’ लावते, जणू गावच स्वतःला हाक मारते!

माझ्या वाट्याला ‘मे यामान’ भरपूर आले. आजोळी मी ‘मराठी पोर’ आणि आमच्या गल्लीत ‘कानडी आईची लेक’. कोणी वाईट मनाने म्हणत नाही. मग येतो फॉर्म. त्यात मातृभाषेला एकच रकाना असतो. शब्दाचा अर्थ धरला तर तिथे कन्नड हवे, शाळा धरली तर मराठी. दर वेळी मी मराठी लिहिते. ते खोटे नाही. वाचायला, मोजायला आणि भांडायला मी याच भाषेत शिकले. पण एकदा फॉर्म भरताना अव्वा शेजारी उभी होती. तिने तो रकाना वाचला आणि काही न बोलता दूध बघायला आत गेली. वीस वर्षे ती साऱ्या घराशी मराठीत बोलते आहे आणि फक्त माझ्याशी कन्नडमध्ये. एका बाजूला मांडलेली ही रक्कम दुसऱ्या बाजूला कुठेच दिसत नाही, आणि ताळा जुळत नाही, असे तेव्हापासून वाटते.

त्या फॉर्मचा दुसरा रकाना मला काढता येणार नाही. पण ‘मे यामो’ चालवायला कोणाची परवानगी लागत नाही. त्याचे अनेकवचन ‘नोस यामामोस’ अधिकच गोड आहे. त्याचा एक अर्थ ‘आम्ही आम्हाला म्हणतो’ आणि दुसरा ‘आम्ही एकमेकांना हाका मारतो’. एका ‘नोस’मध्ये आपणही आले आणि परस्परही आले. आपल्या या नियतकालिकात मराठी आणि कन्नड विभाग पाठीला पाठ लावून बसतात. इकडचे वाचणारे तिकडची पाने सहसा उलटत नाहीत. त्यांना हे क्रियापद कोणीतरी शिकवायला हवे.

स्पॅनिशमध्ये काही क्रियापदे आत्मवाचकच असतात. ‘से’ काढून घेतला तर ती उभीच राहत नाहीत. ‘आत्रेवेर्से’ त्यांपैकी एक. अर्थ ‘धजणे’. धाडस दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही, असे त्या भाषेला वाटत असावे. चालवायला अगदी सोपे आहे : मे आत्रेवो, ते आत्रेवेस, से आत्रेवे. कन्नडमध्ये मी सराईत बोलते, पण लिहिताना अजून अडखळते. तरी त्या विभागासाठी दोन पाने लिहायला घेतली आहेत. शुद्धलेखन अव्वा तपासणार आहे, लाल पेनाने. मे आत्रेवो.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष