डावणीची रात्र सांगताना

आमचं यंत्र द्राक्षाच्या पानावर ओल किती तास टिकली, ते मोजतं. मांडवात पानांच्या उंचीवर एक सेन्सर, जोडीला तापमान आणि आर्द्रतेची नोंद, आणि हे सगळं सिमकार्डावरून बागायतदाराच्या मोबाइलवर. फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस झाला, पानं रात्रभर ओली राहिली, की डावणी या रोगाची लागण होते. पानावर डाग दिसेपर्यंत फवारणीची खरी वेळ निघून गेलेली असते. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीत वाढलेल्या कोणालाही ही धास्ती समजावून सांगावी लागत नाही. मी त्याच मातीतली. यंत्र बनवायला मी इंजिनिअरिंगला शिकले. पण आपली नवी कंपनी चारचौघांत उभं राहून मांडायची कशी, हे मला बागायतदारांनी शिकवलं.

दिंडोरी तालुक्यातल्या एका काकांना मी सेन्सरची अचूकता, बॅटरी, ॲप असं सगळं सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, पाऊस पडला ते मलाही दिसतं. आज रात्री फवारणीचा ब्लोअर काढू का नको, तेवढं सांगतं का तुझं यंत्र?"

तेव्हापासून आमच्या प्रत्येक सादरीकरणाचं पहिलं वाक्य तेच आहे: आज रात्री फवारायचं की नाही, हे आम्ही सांगतो. सेन्सर त्यानंतर येतो, तोही कोणी विचारला तर. त्या काकांनी बागेचे दोन भाग केले. एकात नेहमीप्रमाणे ठरलेल्या दिवशी फवारणी, दुसऱ्यात आमच्या निरोपाप्रमाणे. दोन्हींचा हिशेब त्यांनी स्वतःच्या वहीत ठेवला. तारीख, औषध, डिझेल, मजुरी. त्यांच्या परवानगीने त्या पानाचा फोटो मी गुंतवणूकदारांना दाखवते. आमच्या सगळ्या आलेखांपेक्षा त्या निळ्या शाईच्या पानावर लोक जास्त वेळ थांबतात.

या कामात माझा आदर्शही याच जिल्ह्यातला आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके 1912 साली लंडनहून परतले, तेव्हा हिंदुस्थानात चित्रपट काढतो म्हणणाऱ्याला पैसे देणार कोण? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, थोडं थोडं चित्रण करत गेले आणि दाणा रुजून रोप होईपर्यंतची वाढ छोट्याशा फिल्ममध्ये पडद्यावर दाखवली. भांडवलाची वाट त्या रोपाने मोकळी केली. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' आला आणि त्याच वर्षी त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला. मीही आता पहिल्या मिनिटात एकाच रात्रीची नोंद दाखवते: संध्याकाळचा पाऊस, ओली पानं, पहाटेआधी गेलेला निरोप, आणि उजाडायच्या आत बागेत शिरलेला काकांचा ट्रॅक्टर.

निर्यातदारापुढे तीच रात्र वेगळ्या अंगाने सांगावी लागते. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षं अडकली होती. तो हंगाम इथले जुने लोक अजून विसरलेले नाहीत. कोणत्या प्लॉटवर कोणतं औषध कधी मारलं आणि का मारलं, याची तारीखवार नोंद निर्यातदाराला हवी असते. फवारण्या कमी तर अवशेषही कमी, म्हणून त्याच्यापुढे पहिल्या वाक्यानंतर मी लगेच वाचलेल्या फवारण्यांवर येते.

गुंतवणूकदार विचारतात, दर महिन्याला ग्राहक किती वाढतात? द्राक्षाचं वर्ष एप्रिलच्या खरड छाटणीला सुरू होतं, त्याला महिन्यांचा आलेख लागू पडत नाही. मी एवढंच मांडते, की गेल्या हंगामातल्या किती जणांनी यंदा पुन्हा पैसे भरले. देशभरातल्या द्राक्षक्षेत्राचा गुणाकार करून बाजारपेठेचा मोठा आकडा दाखव, असा सल्ला मला वारंवार मिळतो. तो मी मानत नाही. जिथे आमची यंत्रं उभी आहेत त्या गावांची नावं मी वाचून दाखवते, आणि जिथे आमचा इशारा खोटा ठरला त्या रात्रींचंही एक पान ठेवते. बागायतदार ते पान सर्वांत आधी मागतो. गुंतवणूकदारानेही मागायला हवं.

प्रसिद्धीचं वेळापत्रकही बागच ठरवते. काढणीच्या दिवसांत कोणाला मान वर करायला फुरसत नसते. जुलै-ऑगस्टात छाटणीच्या तारखांची चर्चा सुरू झाली, की आम्ही गावोगाव जाऊन बसतो. द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही जाहिरात टाकत नाही. पाऊस झालेल्या रात्री त्या भागाचा इशारा सर्वांसाठी मोफत टाकतो. कृषिथॉन या कृषी प्रदर्शनात स्टॉलवर मी कमी बोलते, यंत्र वापरणारे बागायतदार जास्त बोलतात. लोक त्यांना काय विचारतात, ते मी मागे उभी राहून लिहून घेते.

लोकांपुढे उभं राहण्याची ही सवय नाशिकला नवी नाही. 2015 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याआधी मूळचे नाशिककर रमेश रासकर आणि एमआयटी मीडिया लॅब यांच्या पुढाकाराने कुंभथॉन हा नवकल्पनांचा उपक्रम झाला, आणि इथल्या कितीतरी मुलांनी गर्दी, आरोग्य अशा प्रश्नांवरची आपली उत्तरं पहिल्यांदा लोकांपुढे मांडली. आता 2027 चा सिंहस्थ आहे. त्यासाठी काही बनवत असलेल्या मुलामुलींना माझी विनंती आहे: निधी मागायला जाण्याआधी तुमचं यंत्र रामकुंडावर, भाजीबाजारात, बसस्टँडवर एखाद्या अनोळखी माणसाच्या हातात द्या. तो विचारील तो पहिला प्रश्न जसाच्या तसा लिहून घ्या आणि सादरीकरण त्याच्या उत्तराने सुरू करा.