सार्वजनिक मैदान आणि दुबळा खेळाडू

गोल्फ हा साहेबांचा खेळ, असा माझा समज वयाची पन्नाशी उलटेपर्यंत होता. दिल्लीत बदली झाल्यावर एका सहकाऱ्याने मला लाडो सराय येथील कुतुब गोल्फ कोर्सवर नेले. दिल्ली विकास प्राधिकरणाचे हे मैदान सार्वजनिक आहे. शुल्क भरून कोणासही खेळता येते. माझा फटका जेमतेम शंभर यार्ड जाई. मनात प्रश्न आला : दार सर्वांस खुले असले, तरी आतील आखणी सर्वांसाठी असते काय?

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स याचे उत्तर देतो. ही भूमीही सार्वजनिक. १९७४ च्या संसदीय कायद्याने तिची व्यवस्था एका न्यासाकडे आहे. तेथील सतरावा होल पाहा. जवळची वाट उजवीकडे, हॉटेलच्या आवाराच्या कोपऱ्यावरून जाते. नेम चुकला की चेंडू हद्दीबाहेर. पुढे वाळूचा खोल खड्डा, ग्रीनमागे रस्ता. निष्णातांनाही तेथे घाम फुटतो. परंतु डावीकडे लांबची, सुरक्षित वाट मोकळी आहे. दुबळ्या खेळाडूला एखादा फटका अधिक लागतो, एवढेच. पेशाने डॉक्टर असलेले मैदान-रचनाकार अॅलिस्टर मॅकेन्झी यांनी १९२० च्या आपल्या पुस्तकात हेच तत्त्व मांडले : फटक्याचे नुकसान सोसून का होईना, दुबळ्यास पर्यायी वाट असावी. अर्थशास्त्राच्या परिभाषेत, अडथळ्याची किंमत मोजता यावी. त्याची बंदी होऊ नये.

हे वाचताना मला माझीच एक नस्ती आठवली. लहान कारागिरांसाठीच्या एका कर्जयोजनेत तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मी अनिवार्य केले होते. हेतू गैरवापर टाळण्याचा. अर्ज आले ते बहुतांशी ज्यांना बँक एरवीही उभी करत होती, त्यांचेच. एका चर्मकार अर्जदाराने विचारले होते, "साहेब, उधारीची वही चालेल का?" मी नियमावर बोट ठेवून नकार लिहिला.

ती वही ग्राह्य धरून पहिले कर्ज लहान रकमेचे देता आले असते. त्यास एक फटका अधिक लागला असता. पण तो पोहोचला असता. योजनेचा मसुदा समोर आला, की आता मी प्रथम डावीकडची वाट शोधतो. त्या अर्जदाराला मात्र याचा काही उपयोग झाला नाही.