गाडीखालचा डाग : जुनी स्पोर्ट्स कार घेण्यापूर्वी

नोव्हेंबर १८३० मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेल बंदराचे महत्त्व एकाएकी वाढले. मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी होडीने पनवेलच्या खाडीत उतरे आणि तिथून चाकांवर बसून घाटाकडे जाई. १८६३ मध्ये घाटातून आगगाडी धावू लागली तेव्हा हे महत्त्व ओसरले. मोटारींच्या काळात ते परत आले. वाशीच्या खाडीवर पूल नव्हता तोवर मुंबईची मोटार ठाण्यावरून वळसा घेऊन पनवेल गाठत असे. पुढे शेडुंग, चौक, खालापूर, खोपोली आणि मग चढण. आज द्रुतगती मार्गही पनवेलला लागून, कळंबोलीपासून सुरू होतो. वाहन बैलाचे असो वा इंजिनाचे, वर चढण्याआधी ते खालून वाकून पाहण्याची जागा हीच.

आजचा धागा त्या वाकून पाहण्याविषयीच आहे. विषय आहे जुन्या स्पोर्ट्स कारची गळती. इतिहासाच्या वाचकांना यात काय रस, असे कुणाला वाटेल. पण जुनी मोटार हे एक साधन आहे, कागदाइतकेच बोलके. आणि मोडी कागद हाती आला की अभ्यासक मजकुराच्या आधी कागद, शाई आणि अक्षराचे वळण पाहतो, तसे या साधनाच्या बाबतीत सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे त्याच्याखालची जमीन.

प्रथम शब्दाचा खुलासा. काटेकोर अर्थाने ‘व्हिंटेज’ म्हणजे १९१९ ते १९३० या काळातली गाडी. आपल्याकडे मात्र कायद्यानेच अर्थ सैल केला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरली. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. ही अट लक्षात ठेवावी, तिचा गळतीशी संबंध पुढे येणार आहे.

आता या गाड्या आपल्याकडे आल्या कशा. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला परकीय चलनाची निकड होती आणि तिथल्या कारखान्यांनी स्पोर्ट्स कार जगभर विकल्या. एमजी कंपनीची टीसी ही १,२५० सीसीची दोन आसनी गाडी १९४५ ते १९४९ या काळात सुमारे १०,००० इतकी बनली. नंतर १९५५ मध्ये एमजीए आली, १९६२ मध्ये एमजीबी. भारतात यांतल्या थोड्याच पोहोचल्या, कारण दार लवकर मिटले. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर, देशात उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या परदेशी कंपन्यांना नुसती जुळणी करत राहणे अशक्य झाले. शिवडीला १९२८ पासून चालू असलेला जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ मध्ये बंद पडला. तयार मोटारींच्या आयातीवर कडक बंधने आली. सुट्या भागांची तीच गत.

परिणामी देशात उरलेल्या मूठभर स्पोर्ट्स कार पुढची तीन-चार दशके मिस्त्रींच्या हिकमतीवर जगल्या. मूळ गॅस्केट मिळत नसे, म्हणून जाड कागद किंवा बुचाचा पत्रा कापून पॅकिंग केले जाई आणि त्याला लाखेपासून बनवलेले शेलॅक लावले जाई. फुटलेल्या जागी एम-सील थापले जाई. रेडिएटर झिरपू लागला तर त्यात हळद टाकण्याचा उपाय तर आजही सर्वांना ठाऊक आहे. हळदीचे कण फटीत जाऊन बसतात आणि गाडी घरापर्यंत पोहोचते. हे सारे उपाय त्या काळाची साक्ष आहेत. त्यांना हसण्याचे कारण नाही. पण विकत घेणाऱ्याने ते ओळखायला हवेत, कारण घरापर्यंत पोहोचवणारा उपाय घाट चढवत नाही.

एक सुखद योगायोग मात्र या टंचाईत घडला. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या अॅम्बेसेडरला पुढे जे १,४८९ सीसीचे इंजिन बसले, ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतले. सुरुवातीच्या एमजीएचे इंजिनही त्याच मालिकेतले आणि तेवढ्याच क्षमतेचे. साहेबांची स्पोर्ट्स कार आणि सरकारी अधिकाऱ्याची पांढरी गाडी अशा रीतीने चुलत बहिणी निघाल्या, आणि एकीचे भाग दुसरीच्या उपयोगी पडले.

आता जमिनीकडे वळू. जाणता मिस्त्री गाडीच्या रंगाकडे शेवटी पाहतो. आधी तो गाडी रात्रभर एका जागी उभी ठेवायला लावतो आणि खाली पुठ्ठा किंवा जुनी वर्तमानपत्रे पसरतो. सकाळी त्या कागदावर जे उमटते ते नकाशासारखे वाचायचे असते : कोणत्या जागी, कोणत्या रंगाचे, किती. इंजिन ऑइल तपकिरी किंवा काळे आणि चेंबरच्या खाली. गिअर ऑइल अधिक दाट, त्याला गंधकाचा उग्र वास, आणि ते मधोमध किंवा मागे डिफरन्शियलखाली. कूलंट बहुधा हिरवे, बोटाला चिकट. पण कित्येक जुन्या गाड्यांत नुसते नळाचे पाणी असते, त्याचा डाग गंजाच्या कडेचा राहतो. ब्रेक ऑइल जवळजवळ रंगहीन किंवा पिवळसर, बोटाला निसरडे, आणि ते रंग खाते. चासीवरचा रंग एका ठिकाणी फुगून सोललेला दिसला तर वर पाहावे. पेट्रोल डाग ठेवत नाही. ते नाकानेच शोधावे लागते.

ही तपासणी पनवेलमध्ये पावसाळ्यात करू नये. जून ते सप्टेंबर जमीन कधी कोरडी नसते आणि गाडीखालचे पाणी सगळ्या गळत्यांना आसरा देते.

आता मुख्य मुद्दा. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारखाली अगदी कोरडी, लखलखीत जमीन दिसली तर आनंद मानू नये, संशय घ्यावा. याचे कारण इंजिनाच्या रचनेतच आहे. टीसीच्या आणि सुरुवातीच्या ‘बी’ मालिकेच्या इंजिनांत क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतेच. तिथे धातूवर उलट्या आट्यांची खाच कोरलेली असे. क्रँक फिरला की ही खाच स्क्रूसारखे काम करी आणि बाहेर येऊ पाहणारे तेल परत चेंबरकडे लोटी. इंजिन थांबले की हे लोटणेही थांबे, आणि उरलेले दोन थेंब खाली पडत. कारखान्यालाही हे ठाऊक होते. क्लचच्या आवरणाला तळाशी मुद्दाम एक भोक ठेवलेले असे आणि त्यात एक सैल पिन लोंबत असे. गाडी चालताना ती हलत राही आणि चिखलाने भोक बुजू देत नसे. गळतीसाठी खास वाट करून दिलेली ही यंत्रे. एमजीबीला १९६४ मध्ये पाच बेअरिंगचे इंजिन मिळाले, तेव्हा तिथे रबरी सील आले.

म्हणजे त्या भोकाखाली रुपयाच्या नाण्याएवढा डाग हे आरोग्याचे लक्षण. ताटाएवढा डाग असेल तर कथा वेगळी. खाच आणि तिच्या भोवतीचे आवरण यांतली फट केसाएवढी असावी लागते. बेअरिंग झिजले की क्रँक किंचित खाली बसतो, फट एका बाजूला रुंदावते आणि तेल वाहू लागते. तेव्हा मोठी गळती ही सीलची तक्रार नसून बेअरिंगची असते, आणि तिचा इलाज म्हणजे इंजिन उतरवून पूर्ण खोलणे. दुसरी शक्यता पिस्टनच्या रिंगा झिजल्याची. मग ज्वलनाचा वायू खाली चेंबरमध्ये शिरतो आणि तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. इंजिन चालू असताना तेलाचे झाकण उघडावे. धुराचे भपके येत असतील तर हेच कारण.

आणि भोकाखाली काहीच नसेल? कधी मनापासून केलेली दुरुस्ती असते. आता या इंजिनांना बसवता येतील अशी आधुनिक सील मिळतात. विक्रेता बिल दाखवू शकला तर उत्तमच. कधी पिन काढून भोक बुजवलेले असते, आणि तेल आत साचून क्लचला लागते. कधी चेंबरमध्ये तेलच पुरेसे नसते. कधी आदल्या दिवशी इंजिन धुतलेले असते. आणि कधी मूळ इंजिन जाऊन तिथे दुसरेच बसलेले असते. गाडी ‘व्हीए’ क्रमांकाला पात्र आहे की नाही हा प्रश्न मग तिथेच उभा राहतो. इंजिनाचा क्रमांक आणि नोंदणी-पुस्तकातला क्रमांक समोरासमोर ठेवून वाचावेत. अस्सल आणि नक्कल यांतला फरक ओळखण्याची सवय असलेल्यांना हे काम जड जाऊ नये.

तेलाच्या गळतीने पैसा जातो. इतर दोन गळत्यांनी जीव जाऊ शकतो, आणि हौशी ग्राहक नेमका त्यांच्याकडेच दुर्लक्ष करतो, कारण त्यांचे डाग लहान असतात.

पहिली पेट्रोलची. या एमजी गाड्यांत एसयू कार्ब्युरेटर आणि तापलेला एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला असतात, कार्ब्युरेटर वर आणि एक्झॉस्ट खाली. फ्लोटची सुई अडकली की पेट्रोल भरून वाहते आणि कुठे पडते हे सांगायला नको. आता यात नव्या कारणाची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले आणि आता ते बहुतेक पंपांवर मिळते. जुन्या काळचे रबर इथेनॉलसाठी घडवलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते, मग तडकते. पेट्रोलचे होज पाइप बोटाने दाबून पाहावेत, आणि ते कधी बदलले हे विचारावे. उत्तर संदिग्ध असेल तर गाडी चालवून पाहण्याआधीच बदलावेत, विक्रेता कितीही घाई करो.

दुसरी ब्रेक ऑइलची. हे द्रव हवेतली ओल शोषून घेते, आणि खाडीकाठच्या पनवेलमध्ये हवेत ओलीची कमतरता नाही. ओल शिरली की ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात, गंज रबराला ओरखडतो आणि गळती सुरू होते. चाकाच्या आतल्या बाजूला, टायरच्या कडेवर ओलसर पट्टा दिसला तर तो व्हील सिलिंडरचा असू शकतो. मागच्या चाकावर दाट तेल असेल तर अॅक्सलचे सील गेलेले असते आणि तेच तेल ब्रेकच्या लायनिंगलाही लागलेले असते. तारांच्या चाकांवर हे सोपे दिसते, तेल हबपासून तारांवरून बाहेर फेकले जाऊन रेघा उमटतात.

एवढे झाल्यावर गाडी रस्त्यावर न्यावी, पण सपाट रस्त्यावरच्या फेरीवर समाधान मानू नये. पनवेल जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, लोणावळा सुमारे ६०० मीटर उंचीवर, आणि यातली बहुतेक उंची खोपोलीनंतर थोड्याच अंतरात चढावी लागते. जुन्या रस्त्याने, शिंग्रोबाच्या देवळावरून जावे. बोरघाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर म्हणून लोककथेत त्याचे स्थान आहे, आणि वाहनचालक अजूनही तिथे नाणे टाकतात. टीसीच्या पाण्याच्या व्यवस्थेत दाब नसतो, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या आसपासच उकळते, आणि उंचीवर त्याहूनही दोनेक अंश आधी. जे गॅस्केट पनवेलच्या बाजारात शांत होते ते इथे बोलू लागते. वर पोहोचल्यावर इंजिन निवू द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे तोंड भाजून घेणे. निवल्यावर पाण्यावर तेलाचा तवंग किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केट गेले आहे, किंवा हेडलाच तडा आहे. पाण्याला हळदीचा रंग असेल तर विक्रेत्याशी भाव नव्याने बोलावा.

उतरताना गिअरवर उतरावे, ब्रेकला टेकत नव्हे. ओल शोषलेले ब्रेक ऑइल तापून आत वाफ धरते, आणि मग पेडल दाबले तरी दाब चाकापर्यंत पोहोचत नाही. खोपोलीला येऊन गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे आणि पेडल पायाने घट्ट दाबून मनात साठ आकडे मोजावेत. पेडल हळूहळू खाली जात असेल तर बाहेर डाग असो वा नसो, मास्टर सिलिंडर गेलेला आहे. त्या दिवशी गाडी पनवेलपर्यंत ट्रकवर चढवून आणावी.